बदकाच्या पोटाखालचं भोक

सकाळचे नऊ वाजले, की आबा बाह्या सरसावायचे, टबात कोपर बुडवून पाणी कितपत कोमट आहे ते बघायचे आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक द्यायचे, "चला हो, जहाज सुटतंय!" मग फरशीवर पावलांचा पटपट आवाज यायचा आणि सव्वादोन वर्षांची नात उघडीवाघडी बाथरूमच्या दारात हजर व्हायची. तिला सगळे बुडबुडी म्हणायचे. पाण्यात उतरली की आधी तोंड पाण्यात घालून ती बुडबुडे काढायची, बाकीची आंघोळ त्यानंतर.

बुडबुड्यांशी आबांचा संबंध तसा जुना. चाळीस वर्षं त्यांनी चौकातल्या टीचभर दुकानात पंक्चर काढली होती. ट्यूबमध्ये हवा भरायची, घमेल्यातल्या पाण्यात ती बुडवून सावकाश फिरवायची आणि जिथून बुडबुडा येईल तिथे बोट ठेवायचं. बुडबुडा दिसला म्हणजे भोक आहे, आणि भोक आहे म्हणजे ते बुजवायचं. एवढ्या एका विद्येवर त्यांनी संसार केला, लेकीला वाढवलं, बायकोचं आजारपण काढलं. आणि सगळं उरकलं असं वाटत होतं तेव्हा देवाने ही बुडबुडी त्यांच्या ओंजळीत टाकली. पंक्चरवाल्याची याहून गोड थट्टा त्यालाही सुचली नसती.

घरात माणसं तीनच. जावई बोटीवर स्वयंपाकी. वर्षातून एकदा, तेही महिनाभर घरी. लेक लॉन्ड्रीत, आठ ते तीन. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे ढिगाने यायच्या. त्या धुऊन, सुकवून, इस्त्री करून घड्या करणाऱ्या बारा बायकांवर ती मुकादम होती. आठ ते तीन बुडबुडी आबांची. लेक आली की चारला ते दुकान उघडायचे. पण आबांना कुणी विचारलं असतं, की बाबा रे, तुझा खरा दिवस कोणता, तर त्यांनी नऊ ते साडेनऊ असंच सांगितलं असतं.

त्या अर्ध्या तासात टबात सहा जण असायचे. बदक, मासा, बेडूक, कासव, देवमासा आणि आठ पायांचा एक जांभळा प्राणी, ज्याला आबा वकील म्हणायचे. सगळे मऊ रबराचे. जावयाने कुठल्याशा बंदरातून पाठवलेले. प्रत्येकाच्या पोटाखाली बारीक भोक. दाबलं की हवा बाहेर, सोडलं की पाणी आत, पुन्हा दाबलं की पिचकारी. बुडबुडी ती पिचकारी सरळ स्वतःच्या तोंडात मारायची. आणि आबा टबाच्या कडेला बसून तांब्यावर ठेका धरत गायचे:

"बदक निघालं दर्यावर,
देव बसला वाऱ्यावर.
बदक म्हणे मला धर,
देव म्हणे पोहून तर!"

मग कथा पुढे जायची. बदक घाबरायचं, वकील वाद घालायचा, देवमासा मोठं मन करून सगळ्यांना पाठीवर घ्यायचा. रोज तीच कथा आणि रोज नवी. ऐकणारी एकच, पण अशी तल्लीन, की एखाद्या गवयाने हेवा करावा.

गेल्या थंडीत बुडबुडीची छाती भरली. अकरा दिवस इस्पितळात. तिच्या नाकाला लावलेली ती नळी आणि दर श्वासाला बरगड्यांच्या मध्ये पडणारा तो खळगा आबा विसरू म्हटलं तरी विसरत नव्हते. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं, "हिला ओल आणि बुरशी अजिबात चालायची नाही. भिंत, गादी, पडदे, सगळं बघा."

लेकीने सगळं बघितलं. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, उशा बदलल्या, खिडकीच्या चौकटी खरवडून रंगवल्या. त्यातच एकदा म्हणाली, "बाबा, त्या आंघोळीच्या खेळण्यांत पाणी राहतं. आतून काळी पडतात म्हणे. तेवढं जरा बघाल का?"

"बघतो की. पाणी कुठून शिरतंय ते दिसतंच आहे."

आणि इथेच आबांची चाळीस वर्षांची विद्या आडवी आली. दुसऱ्या कुणी ती खेळणी कापली असती, फेकली असती, निदान आठवडाभर उन्हात टांगली असती. पंक्चरवाल्याला मात्र आधी भोक दिसलं. आबांनी सहाही खेळणी साबणाच्या गरम पाण्यात धुतली, दहा-दहा वेळा दाबून पाणी काढलं, कानाशी धरून हलवली. आत काही डुचमळत नाही अशी खात्री करून घेतली. फडक्याने पुसली. मग पोटाखालची जागा कानशीने हलकेच घासली, पॅच चिकटवायच्या सोल्युशनचा पातळ हात दिला, ते सुकून त्याची चमक मंद पडेपर्यंत वाट बघितली आणि नव्या ट्यूबचा नखाएवढा पॅच दाबून बसवला. तीन दिवस खिडकीत ठेवली. चौथ्या दिवशी एकेक टबात बुडवून दाबून बघितली. एक बुडबुडा येईल तर शपथ. सहाच्या सहा पास.

"आता थेंब आत जायचा नाही," ते लेकीला म्हणाले.

लेकीने बदक उलटं करून बघितलं आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. "बाबा! अहो, बदकाचं पंक्चर काढलंत?"

"सहा पंक्चर. तेही घरपोच."

पिचकारी गेली म्हणून बुडबुडीने दोन दिवस भोकाड पसरलं. मग तिला नवा उद्योग सापडला. दाढा येत होत्या. तिने पॅचच चावायला घेतले.

सहा आठवडे बरे गेले. सातव्या आठवड्यात खोकला आला.

आधी एखादाच, कोरडा. मग दुपारी झोपेतून उठताना चार-पाच. मग रोज. आबा मोजायचे. चारला दुकान उघडून चाकाच्या आऱ्यांत बोटं घातलेली असायची, पण कान घराकडे. शेजारच्या खोक्यातला किल्लीवाला म्हणायचा, "पंक्चरशेठ, वॉल्व्ह उलटा लावताय."

"लावू दे."

"हवा जायची की सगळी."

"माझी गेलीच आहे," आबा म्हणायचे आणि वॉल्व्ह सुलटा करायचे.

घरी लेकीने पुन्हा सगळं पालथं घातलं. गालिचा उचलून देऊन टाकला. कपाटामागची भिंत नाक लावून हुंगली. बुडबुडीला छातीशी धरून तिच्या केसांचा वास घ्यायची आणि कपाळाला आठी पडायची.

"कुठेतरी आहे, बाबा. मला वास येतोय. ढिगात खालची चादर ओली राहिली, की येतो ना, तसा."

"अगं, कामावरचाच वास नाकात बसलाय तुझ्या."

"लॉन्ड्रीत असा वास येत नाही. येऊ देत नाही मी." तिने आबांच्या सदऱ्याकडे बघितलं. "तुमचे दुकानातले कपडे... बाहेर काढून येत जाल का? रबराची भुकटी असते."

आबांना ते लागलं. पण त्या दिवसापासून ते मागच्या दारात कपडे बदलून, हात कोपरापर्यंत धुऊन घरात येऊ लागले. खोकला थांबला नाही.

एका संध्याकाळी भाजी निवडताना लेक सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "आज एकीला काढावं लागलं. चादरीवर बुरशीचे काळे ठिपके पडले होते, तिने ती ढिगाच्या तळाशी सारून दिली. इस्पितळाची चादर. दाखवली असती तर परत धुतली असती. चूक सगळ्यांची होते हो. लपवली, म्हणून काढली." आणि मग त्याच आवाजात, मान खालीच ठेवून, "आमच्या कामावर पाळणाघर आहे, बाबा. नवी इमारत, कोरड्या भिंती. घरातच काही असेल, तर निदान दिवसभर तरी ती..."

तिने निवडायला पुढची जुडी ओढली. आबा त्या रात्री अर्ध्या ताटावरून उठले.

डॉक्टरबाईंनी गुरुवारी चारची वेळ दिली. फोनवर म्हणाल्या, "घरात बुरशी नाही अशी खात्री असेल तर मला आत शोधावं लागेल. दाखल करून, भूल देऊन, छातीत बारीक नळी घालून बघू. तुम्ही नक्की सांगा म्हणजे झालं."

नळी! आबांनी देवासमोर हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. घरात बुरशी सापडू दे म्हणावं तर बुडबुडी पाळणाघरात जाणार. सापडू देऊ नको म्हणावं तर इस्पितळात. शेवटी "तुला कळतंय," एवढंच म्हणून ते उठले.

गुरुवारी सकाळी नऊला जहाज सुटलं. बदक दर्यावर निघालं, वकिलाने वाद उकरून काढला. बुडबुडी मासा चावत होती. मासा तिचा लाडका. त्याच्या पॅचची कड दातांनी कधीतरी आधीच उचलली गेली होती. तिने मासा तोंडातून काढला, पाण्यात दाबला, आणि पाण्यात काळे कण पसरले. चहाचा चोथा सांडावा तसे.

"आबा, मुंग्या!" बुडबुडी आनंदाने ओरडली आणि त्या धरायला तिने हात घातला.

आबांनी तिला काखेत धरून असं वर उचललं, की पाणी भिंतीवर उडालं. टॉवेलात गुंडाळली, तोंड उघडायला लावलं. जिभेवर एक काळा ठिपका होता. त्यांनी तो बोटाने टिपला, ओल्या फडक्याने हिरड्या पुसल्या, चूळ भरायला लावली. तिला तो खेळ वाटला. तिने चूळ आबांच्या अंगावर टाकली. मग खोकली. तीन वेळा.

तिला कपडे घालून त्यांनी खाटेवर बसवली, चित्रांचं पुस्तक दिलं आणि पेटीतून ट्यूब कापायची सुरी काढली. खिडकीशी वर्तमानपत्र पसरून मासा पोटाशी उभा कापला. आत सगळं काळं. मखमल चिकटवावी तसं मऊ, बुळबुळीत, काळं. आणि वास! लेक गेले तीन आठवडे म्हणत होती तोच. ढिगाच्या तळाशी ओल्या राहिलेल्या चादरीचा.

देवमासा कापला. काळा. बेडूक काळा. वकिलाच्या आठही पायांत काळं. कासव तेवढं निम्मं स्वच्छ. बदक त्यांनी शेवटी घेतलं, आणि सुरी लावण्याआधी, म्हातारा माणूस, त्याला एकदा कुरवाळलं. तेही काळं होतं.

वर्तमानपत्रावर बारा तुकडे पडले होते आणि सहा पॅच. पॅच मात्र पक्के. माशाचा सोडला तर एकही सुटला नव्हता. बाहेरचं पाणी आत जाऊ दिलं नव्हतं, ते खरंच. आतली ओल बाहेर जाऊ दिली नव्हती, हे आबांना आत्ता दिसलं. दाबून पाणी निघालं म्हणजे आत कोरडं झालं, असं त्यांनी कशावरून धरलं? ट्यूब आतून ओली आहे का, हा प्रश्न चाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता, कारण ट्यूब कुणी तोंडात घालत नाही.

त्यांनी सुरी खाली ठेवली. आपण आपल्या हाताने हिच्या तोंडात दिलं. रोज. गाणं म्हणून दिलं.

थोड्या वेळाने त्यांच्या मनात दुसरा विचार आला, आणि तो आला हे त्यांनी पुढे कधी नाकारलं नाही. अजून कुणी बघितलेलं नाही. खेळणी जुनी झाली, फाटली, टाकली. एवढं म्हटलं की झालं. आता त्यांची विद्या वापरायची ती एवढ्यापुरतीच: आणखी एक भोक बुजवायचं. खोकला जाईल, नऊ ते साडेनऊ आपलं आपल्याकडे राहील.

त्यांनी तुकडे पिशवीत भरले, गाठ मारली, बुडबुडीला कडेवर घेतलं आणि कोपऱ्यावरच्या कचरापेटीपाशी गेले. झाकण उचललं. किल्लीवाला आपलं खोकं उघडत होता.

"काय टाकताय, शेठ?"

"खेळणी. खराब झालीत."

"मग टाका की. एवढा वेळ झाकण धरून उभे आहात, आतून कुणी बाहेर यायचंय का?"

आबा हसले नाहीत. किल्लीवाल्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "काय झालं?"

आबांनी दोन वाक्यांत सांगितलं. किल्लीवाल्याने किल्ल्यांचा जुडगा हलवला.

"टाकून द्या आणि मोकळे व्हा. लेकीला काय कळतंय? उगाच घरात वणवा."

"आबा, बदक दे," बुडबुडी पिशवीकडे बोट करत म्हणाली.

"देवा, आता तूच बघ बाबा," आबा पुटपुटले. आणि पुटपुटता पुटपुटता त्यांना उमगलं, की त्याने तर बघितलेलं आहेच. त्याला नव्याने काय दाखवायचं? बघायचं राहिलं होतं ते डॉक्टरबाईंनी. आज चार वाजता त्या विचारणार, घरात बुरशी आहे का, आणि लेक छातीवर हात ठेवून सांगणार, नाही. खरं समजूनच सांगणार बिचारी. आणि त्या एका "नाही"वर या पोरीला भूल देणार, नळी घालणार. आबांच्या कडेवर ते बारा किलोंचं ओझं होतं, ऊबदार, साबणाच्या वासाचं, आणि श्वास घेताना किंचित घुरघुरणारं.

त्यांनी झाकण सोडून दिलं. पिशवी हातातच राहिली.

तीन वाजता लेक आली ती घाईतच. पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायली. वाटेत सांगू, आबांनी ठरवलं. वाटेत ती फोनवर होती. दवाखान्यात सांगू. दवाखान्यात बाकावर तिघं बसली, बुडबुडी मध्ये, पिशवी आबांच्या मांडीवर.

"हे काय आणलंत?"

"ते... आत सांगतो."

"दुकानातलं आहे का काही? बाबा, रबर दूर ठेवा हो तिच्यापासून." तिने बुडबुडीला आपल्या बाजूला ओढून घेतलं. आबांनी पिशवीची गाठ आणखी घट्ट ओढली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मिनिटाचा काटा सरकताना टक् असा आवाज करायचा, आणि प्रत्येक टक्ला आबा म्हणायचे, आता. आणि आता गेलेला असायचा.

त्यांची हाक आली.

डॉक्टरबाईंनी बुडबुडीच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मग कागद पुढे ओढला. "घुरघुर आहे. बरं, मला नीट विचार करून सांगा. घरात कुठे बुरशी?"

"नाही," लेक म्हणाली. "सगळं घर तीन वेळा पालथं घातलं. कुठेही नाही."

डॉक्टरबाईंनी पेन उचललं.

"आहे," आबा म्हणाले.

आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, बुडबुडीसुद्धा दचकली. त्यांनी पिशवीची गाठ सोडायला घेतली, ती सुटेना. चाळीस वर्षं कसल्या कसल्या गाठी सोडवलेली बोटं, पण सुटेना. शेवटी डॉक्टरबाईंनी कात्रीने ती कापली आणि बदकाचे दोन अर्धे भाग टेबलावर उघडे पडले.

खोलीत तो वास पसरला. लेकीने एकदाच नाक ओढलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे कुणी बंद केलं?" डॉक्टरबाई पॅच बघत होत्या.

"मी. मी पंक्चर काढतो." आबांना आणखी काही सांगायचं होतं, पण एवढंच बाहेर आलं, आणि खरं म्हणजे त्यात सगळं होतं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी चिमट्याने एक काळा कण काचेवर घेतला, बाजूला ठेवला. "यानेच खोकला आला असं मी आज छातीठोक सांगणार नाही. पण हे रोज तोंडात जात होतं का?"

"रोज. सकाळी नऊला."

"मग नळीची घाई नको. तीन आठवडे थांबू. हे घरातून बाहेर. आंघोळीला पोकळ, भोकाचं काही द्यायचं नाही. जे द्याल ते पूर्ण उघडता यावं, पुसता यावं, वाळवता यावं. खोकला कमी झाला तर ठीक. वाढला, ताप आला, किंवा श्वासाला बरगड्या ओढायला लागल्या, तर लगेच या. वाट बघू नका." मग आबांकडे वळून म्हणाल्या, "आणलंत ते बरं केलंत."

लेक बाहेर रस्त्यावर आल्यावर बोलली.

"मी दिवसभर बायकांना काय ओरडते माहीत आहे तुम्हाला? ओलं मिटू नका! ओलं मिटू नका! घसा बसतो माझा. आणि माझ्या घरात..." बुडबुडी तिच्या खांद्यावर झोपली होती, म्हणून ती हळू आवाजात चिडत होती, आणि ते जास्त भयंकर होतं. "कधी कळलं?"

"सकाळी. आंघोळीला."

"मग फोन का नाही केलात?"

आबा चालायचे थांबले. "मी कचरापेटीपाशी गेलो होतो," ते म्हणाले. "टाकायला. झाकणही उघडलं होतं."

लेकीने बुडबुडीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. शेजारून गाड्या जात होत्या. आबांनी धीर करून सुरुवात केली, "अगं, माणूस मनातलं असं झाकून ठेवतो ना, तर आतल्या आत त्याला..."

"बाबा, आत्ता प्रवचन नको."

"बरं."

आबांनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. मागच्या दारात उगाचच कपडे बदलले, हात कोपरापर्यंत धुतले. रिकामा टब घासला, उलटा केला, पुन्हा घासला. आत लेक पाळणाघराला फोन करत असणार, असं धरून ते नळाचा आवाज चालू ठेवत होते, ऐकायचं नव्हतं.

थोड्या वेळाने ती दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल, पण आवाज कामावरचा, मुकादमाचा.

"लॉन्ड्रीत चादर लपवणारीला आम्ही काढतो."

"ठाऊक आहे."

"दाखवणारीला नाही काढत."

आबांनी नळ बंद केला. "मी तर आधी लपवायलाच निघालो होतो."

"निघाला होतात. पोचला नाहीत." तिने पदराने नाक पुसलं. "दाखवणारीला परत धुवायला लावतो. सगळं. पहिल्यापासून. आणि मग महिनाभर तिची एकेक घडी उलगडून बघतो."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या नऊला आंघोळ तुम्हीच घालायची. मी उद्या अर्धा दिवस रजा टाकलीय. उभी राहून बघणार."

"बघ."

"रोज आल्यावर बघणार. टब पालथा, टॉवेल बाहेर, सगळं खणखणीत कोरडं."

"रोज बघ. सुट्टीच्या दिवशीही बघ."

"आणि खोकला वाढला तर..."

"तर मीच तिला पाळणाघरात नेऊन पोचवीन," आबा म्हणाले. आणि टब भिंतीला पालथा टेकवला.

दुसऱ्या दिवशी नऊला आबांनी बाह्या सरसावल्या. टबात आज सहा जण नव्हते. एक स्टीलची वाटी, एक डाव, पिठाची जुनी चाळणी आणि लाकडाचा एक चमचा. आबांनी चारही वस्तू उजेडात धरून आतून-बाहेरून फिरवून बघितल्या होत्या, लेकीने त्यांच्यानंतर पुन्हा बघितल्या होत्या. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून.

बुडबुडीने पाण्यात सगळीकडे शोधलं. वाटीखाली बघितलं. "आबा, बदक?"

आबांनी तांब्यावर बोटं ठेवली. ठेका चुकला, त्यांनी तो परत धरला.

"वाटी निघाली दर्यावर,
देव बसला वाऱ्यावर.
वाटी म्हणे मला धर..."

"देव म्हणे पोहून तर!" बुडबुडी ओरडली आणि तिने चाळणीत पाणी भरून वर उचललं. पाणी शंभर भोकांतून तिच्याच पोटावर पडलं. तिने चाळणी उलटी करून बघितली, पुन्हा भरली, पुन्हा गळू दिली. आबांना एका नजरेत शंभर पंक्चर दिसली. त्यांनी हात मागे घेतले आणि गळू दिलं.

मग ती खोकली.

आबांचा ठेका थांबला. दारात लेकीने घडी घातलेले हात सोडले. दोघं एकमेकांकडे न बघता त्या एवढ्याशा छातीकडे बघत राहिली. चाळणीतून शेवटचं पाणी ठिबकत होतं, आणि दोघं दुसऱ्या खोकल्याची वाट बघत होती. एक श्वास. दोन. बरगड्यांमध्ये खळगा पडत नव्हता. आबांनी वाकून नीट बघितलं, पडत नव्हता. तीन.

बुडबुडीने चाळणी टोपीसारखी डोक्यावर घातली आणि वैतागून आबांकडे बघितलं. "आबा, पुढे!"

"हो बाई, पुढे," आबा म्हणाले. लेकीने पुढे होऊन कोरडा टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला, आणि पुन्हा चौकटीला जाऊन टेकली. तीन आठवड्यांतला हा पहिला दिवस होता. आबांनी कान छातीच्या घुरघुरीवर ठेवला आणि वाटीला वाऱ्यावर सोडलं.